मदत हवी आहे: गायडिंगचा आलेख सरळ, तरी तारे लांबट

अंबाजोगाईजवळच्या गावात, घरामागच्या अंगणात १० इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण, फोकल लांबी १२०० मिमी) इक्वेटोरियल माउंटवर (आकाशाच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणाऱ्या बैठकीवर) लावली आहे. आठवडाभर सिंह राशीतल्या एम ६५, एम ६६ आणि एनजीसी ३६२८ या दीर्घिकांच्या तिकडीचे फोटो काढत बसलोय. ३० सेकंदांत तारे टाचणीच्या टोकासारखे येतात, ३ मिनिटांत गव्हाच्या दाण्यासारखे लांबट. गायडिंगचा (छोट्या दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चूक सुधारत राहण्याचा) आलेख मात्र ०.८ आर्कसेकंदांच्या आत!

तासाभराच्या फ्रेम्स ओळीने पाहिल्या तर तिकडी एकाच दिशेला सरकत जाते, फ्रेम फिरत नाही. त्यामुळे ध्रुवजुळणीवर (माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्यावर) फारसा संशय नाही. ध्रुवतारा इथे जेमतेम १९ अंशांवर, तोही कडुनिंबाआड, म्हणून ड्रिफ्ट पद्धतीने (ताऱ्याचं सरकणं पाहत) दोनदा जुळवून घेतलं.

तोल पाहिला, गाइडस्कोपच्या (गायडिंगच्या छोट्या दुर्बिणीच्या) कड्या आवळल्या, केबल बांधल्या. ट्यूब उभी असताना कोलिमेशन (आरशांची जुळणी) चोख, आडवी केली की लेसरचा ठिपका साधारण २ मिमी सरकतो. पण फोकसरही (कॅमेरा धरणारी, फोकस करायची नळी) थोडा लचकतो, म्हणून निष्कर्ष काढवत नाही.

ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर (मुख्य दुर्बिणीतलाच थोडा प्रकाश घेऊन गायडिंग करणारा) सुचवाल, पण कॅमेरा डीएसएलआर आहे. कोमा करेक्टरला (फोटोच्या कडेचे तारे नीट करणाऱ्या भिंगाला) सेन्सरपर्यंत लागणारं ५५ मिमी अंतर बॉडी आणि टी-रिंगमध्येच (कॅमेरा जोडायच्या कडीत) संपतं. नवा कॅमेरा यंदा शक्य नाही.

मुख्य आरसा क्लिपांत हलतोय, फोकसर लचकतोय की गाइडस्कोप, हे घरच्या घरी वेगवेगळं कसं तपासायचं? आणि आरसाच असेल तर क्लिपा किती आवळायच्या, की तारे तिकोनी दिसणार नाहीत?