पूर्वपतीच्या छळाविरुद्धची सुनावणी वकिलाविना लढवावी का?

केतकी:
माझ्या एका मैत्रिणीला तिचा पूर्वपती नवनव्या क्रमांकांवरून धमक्यांचे संदेश पाठवतो आणि तिच्या कार्यालयाच्या फाटकाशी येऊन उभा राहतो. हा त्रास लग्न टिकून असतानाच सुरू झाला होता. तिने कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला असून सुनावणीत आपली बाजू आपणच मांडायची, असे ठरवले आहे. मला तिचा निर्णय पटतो. हा अर्ज पीडित स्त्री स्वतः करू शकते, या अधिनियमाखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी त्यात मदत करतात आणि कलम २३ खाली शपथपत्राच्या आधारे एकतर्फी अंतरिम आदेशही (समोरच्याचे म्हणणे ऐकण्याआधीचा तात्पुरता आदेश) मिळू शकतो. जिच्यावर प्रसंग ओढवला, तिच्याइतका तपशील कोणत्या वकिलाला ठाऊक असणार?

जुना अशील:
केतकीताई, तपशील ठाऊक असणे आणि तो सिद्ध करणे यांत फार अंतर आहे. अंतरिम आदेश मिळेलही, परंतु समोरचा वकील उलटतपासणीला उभा राहील तेव्हा तो धमक्यांविषयी विचारणार नाही. तक्रार इतक्या उशिरा का केली, त्या काळात तुम्हीच त्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा का पाठवल्या, हे विचारील. समोरच्यानेही वकील दिला नाही, तर हे प्रश्न पूर्वपती स्वतः विचारू शकतो, आणि त्याच्या साक्षीनंतर त्याला प्रश्न विचारण्याचे काम तुमच्या मैत्रिणीवर येते. ज्या माणसाचा आवाज ऐकून हात थरथरतात, त्याला शांतपणे एकेक प्रश्न घालणे किती जणींना जमेल?

सह्याद्री:
माझे मत केतकी यांच्या बाजूने आहे, मात्र तयारी केलेली असेल तरच. अर्जात ‘तो नेहमी त्रास देतो’ असे मोघम वाक्य नको. कोणत्या तारखेला, कुठे, काय घडले आणि ते कोणी पाहिले, हे क्रमाने लिहावे, आणि प्रत्येक घटनेपुढे तिचा कागद जोडावा: संदेशाची छापील प्रत, पोलीस ठाण्यातील अदखलपात्र नोंदीची प्रत, कार्यालयातील सुरक्षारक्षकाचे निवेदन. पुष्कळ अर्जदार लग्नापासूनची सगळी कहाणी सांगत बसतात आणि आदेश नेमका कशाचा हवा, हेच राहून जाते. कामाच्या ठिकाणी येऊ नये, फोन किंवा संदेश करू नये, नातेवाइकांमार्फत संपर्क साधू नये, अशी मागणी कलम १८ च्या भाषेत स्पष्ट लिहावी. खुल्या न्यायालयात बोलणे अवघड वाटत असेल, तर कलम १६ खाली बंद दालनातील सुनावणीची विनंती करता येते.

जुना अशील:
छापील प्रतींवर एवढा भरवसा ठेवू नका. इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे, ती प्रत कशी व कोणत्या उपकरणातून घेतली हे सांगणारे, प्रमाणपत्र लागते, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नमुन्यात तज्ज्ञाने भरायचा भागही आहे. सामान्य बाईने हे कुठून आणायचे?

सह्याद्री:
आक्षेप रास्त आहे, पण अर्धा. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या २०२० च्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीला उभे राहून हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. तो निकाल आधीच्या, १८७२ च्या साक्ष्य कायद्यातील कलम ६५ब वरचा असला, तरी बोध एवढाच, की फोन बदलू नये आणि संदेश पुसू नयेत. शिवाय २००५ च्या अधिनियमाचे कलम २८(२) न्यायालयाला स्वतःची कार्यपद्धती ठरवू देते, त्यामुळे अंतरिम टप्प्यावर इतका काटेकोरपणा सहसा आड येत नाही.

रेवा:
दोघेही एक गोष्ट विसरत आहेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा पैसे नाहीत म्हणून एकटीने उभे राहणे हा नाइलाज असण्याचे कारण नाही.

केतकी:
रेवा, हक्क कागदावर आहे, हे मान्य. पण नेमलेल्या वकिलाने तारखेच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा फाइल उघडली, हा अनुभव माझ्या मैत्रिणीनेच घेतला आहे. म्हणून तर ती स्वतः उभी राहते आहे.

रेवा:
असा वकील बदलून देण्याचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करता येतो, आणि तो तिने करावा. अंतरिम आदेशासाठी तिने स्वतः बोलावे, यात मला गैर दिसत नाही. उलटतपासणीला मात्र कोणीतरी सोबत हवेच. आदेश मिळाल्यावर त्याची प्रमाणित प्रत जवळ ठेवावी आणि पोलीस ठाण्यात एक प्रत पोचल्याची खात्री करून घ्यावी, कारण आदेश मोडल्यास २००५ च्या अधिनियमाच्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि तो पुन्हा फाटकाशी आला तर पोलिसांना दाखवायला हाच कागद लागेल.