विषय: तीन हात नाक्याजवळचा तो बार

मंडळी,
परवा कोणीतरी विचारलं, ठाण्यात तीन हात नाक्याकडून वागळे इस्टेटमध्ये शिरताना कोपऱ्यावरचा बार आहे का अजून? आहे. पाटीवर ‘रेस्टो बार’ ठळक, ‘परमिट रूम’ बोटभर अक्षरांत.

एमआयडीसीची पहिली वसाहत १९६२ साली इथेच झाली आणि हा बार जगला तो तिथल्या शिफ्टवर. सेकंड शिफ्ट सुटली की क्वार्टर, सोडा, उकडलेले चणे. पगाराच्या दिवशी मालक जादा वेटर बोलवायचे. उधारीची वही गल्ल्याखाली. कारखान्यांना टाळी लागली तशी तिच्यातली पानंच्या पानं बुडाली. आता तिथे काचेच्या इमारती. आयटीवाली पोरं पिचर मागवतात आणि बिल फोनवरून वाटून घेतात.

असले बार मॉलनी मारले म्हणतात. मला नाही पटत. याला खरा दणका बसला १ एप्रिल २०१७ ला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद झाली आणि पूर्व द्रुतगती महामार्ग तर हाकेवर. त्या उन्हाळ्यात मालकांनी नुसती थाळी विकली. (थाळी झकास होती. खायला कोण येणार?) महापालिका हद्दीतल्या बारना ती बंदी नाही, हे जुलैत स्पष्ट झालं, तोवर आचारी गावी निघून गेला होता.
– काका

---

काका,
तुमच्या मेलमध्ये बायका कुठेच नाहीत, आणि आत त्या नसायच्याच. आई आम्हाला त्या फुटपाथवरूनही जाऊ द्यायची नाही. पगाराच्या संध्याकाळी शेजारच्या काकू मात्र बरोब्बर दारापाशी हजर, पाकीट फुटायच्या आत आपल्या नवऱ्याला गाठायला.

गेल्या डिसेंबरात दादा-वहिनीबरोबर गेले होते. वर एसी हॉल, शेजारच्या टेबलावर चार मुलींचा वाढदिवस. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने प्यायला आजही परवाना लागतो म्हणे. आम्हाला कोणी विचारला नाही. बीअर वहिनीने मागवली, वेटरने ग्लास ठेवला दादापुढे. दादा आयुष्यभर लिंबूपाण्यावर!
– तुमची पुतणी

---

हा हा! वहिनींना माझ्याकडून चिअर्स सांग. जुलैत ठाण्याला जाणाऱ्यांनी आषाढी बघून बेत ठरवा, त्या दिवशी ड्राय डे असतो.
– काका