अमेरिकेत मेडिकलवाल्याला गोळ्या तोट्यात विकाव्या लागतात, खरंय का हे?

सातरस्ता_मेडिकल:
आमचं सोलापुरात सात रस्त्याला मेडिकल आहे. भाची अमेरिकेत आर्कान्सा राज्यात एका छोट्या फार्मसीत कामाला आहे, ती सांगत होती की पेशंटचं कार्ड टाकलं की इन्शुरन्सकडून दुकानाला किती मिळणार ते स्क्रीनवर येतं, आणि बऱ्याचदा तो आकडा खरेदीपेक्षाही कमी असतो तरी दुकानदार औषध देतो. दुकानदार तोट्यात, पेशंटलाही महाग, मग पैसे जातात कुठं?

फार्मसीवाली_ताई:
दादा, खरं सांगतेय ती. इन्शुरन्स आणि मेडिकलच्या मधे तिकडे फार्मसी बेनिफिट मॅनेजर म्हणजे पीबीएम कंपन्या बसल्यात. इन्शुरन्समधे चालणाऱ्या औषधांच्या यादीत कुठलं औषध घ्यायचं, दुकानाला किती द्यायचे, सगळं त्याच ठरवतात. सीव्हीएस केअरमार्क, एक्सप्रेस स्क्रिप्ट्स, ऑप्टम आरएक्स या तिघींच्याच हातात जवळपास ८० टक्के प्रिस्क्रिप्शन्स आहेत. यादीत जागा मिळावी म्हणून औषध कंपन्या त्यांना रिबेट म्हणजे मागाहून सूट देतात, त्यामुळे मूळ भाव चढाच राहतो. इन्शुरन्सकडून जास्त घेऊन दुकानाला कमी दिलं की मधला फरकही त्यांच्याच खिशात. वर तिघींच्या स्वतःच्या फार्मसी, म्हणजे तुमचा रेट तुमचा स्पर्धकच ठरवणार. हा सरळ अन्याय आहे.

परदेशी_सोलापूरकर:
आर्कान्सानंच आधी दंड थोपटले की! २०१५ चा कायदा: खरेदीपेक्षा कमी पैसे दिले तर दुकानदाराला अपील करता येतं, तोटा होत असेल तर औषध द्यायला नकारही देता येतो. पीबीएमची संघटना कोर्टात गेली, पण डिसेंबर २०२० मधे तिकडच्या सुप्रीम कोर्टानं ८-० नं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. २०२५ मधे तर आर्कान्सानं कायदाच केला की पीबीएमनी राज्यात फार्मसी चालवायची नाही, त्याला मात्र जुलैमधे फेडरल कोर्टानं स्थगिती दिली.

सिव्हिल_चौक:
आपल्याकडे पीबीएम नाहीत, पण मधला पैसा आहेच. केंद्राच्या २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानं शेड्यूल्ड म्हणजे सरकारी यादीतल्या आवश्यक औषधांना कमाल किंमत लागते, त्यात दुकानदाराचं मार्जिन १६ टक्के धरलेलं. बाकीच्या औषधांना मात्र फक्त वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नको एवढंच, सुरुवातीची एमआरपी कंपनी ठरवेल ती. म्हणून जेनेरिकची पट्टी होलसेलला काही रुपयांत पडते आणि छापील किंमत कैक पट असते, गिऱ्हाईक बिचारं छापील बघून पैसे देतं. माझ्या मावशीला तर ॲडमिट असताना सांगितलं, औषधं आमच्याच मेडिकलमधून घ्या. मार्च २०२५ मधे आपल्या सुप्रीम कोर्टानं या सक्तीवर धोरण ठरवायचं राज्यांवर सोपवलंय, मग राज्याला विचारायला नको का?

सातरस्ता_मेडिकल:
विचारायलाच पाहिजे. उद्या इकडे ओपीडीची औषधं कॅशलेस म्हणजे इन्शुरन्सवर मिळायला लागली तर आमचा रेट कोण ठरवणार, हेही त्यातच आलं. केमिस्ट मंडळींच्या पुढच्या मीटिंगला दोन्ही विषय घेतो.