अनुभव धागा: ओपन सोर्समध्ये नवे असताना पहिला प्रश्न कुठे विचारावा?

साताऱ्यातील आमच्या अभ्यासगटात लिनक्स (संगणक चालवणारी प्रणाली), लिबरऑफिस (कार्यालयीन कामाचा संच), क्यूजीआयएस (नकाशे करण्याचे साधन) अशा मुक्त, म्हणजे ओपन सोर्स, सॉफ्टवेअरवर काम करणारी मंडळी रविवारी जमतात. नव्याने येणाऱ्यांसाठी आम्ही एक छोटी मार्गदर्शिका तयार करत आहोत आणि तिच्या एका प्रकरणावर गाडी अडली आहे. अडचण आली की नवख्याने पहिला प्रश्न नेमका कुठे विचारावा? आयआरसी, मॅट्रिक्स, टेलिग्राम, डिस्कॉर्ड ही चॅटची माध्यमे, मेलिंग लिस्ट (सर्व सदस्यांना ईमेलने जाणारी चर्चा), प्रश्नोत्तरांची संकेतस्थळे, असे इतके पर्याय समोर येतात की निवड करण्यातच माणसाचा उत्साह मावळतो. माझे मत असे, की उत्तर किती लवकर मिळेल यापेक्षा तेच उत्तर वर्षभराने दुसऱ्या कोणाला सापडेल का, हे आधी पाहावे. परंतु हे मत इतरांच्या अनुभवावर घासून पाहिल्याशिवाय मार्गदर्शिकेत घालणे मला योग्य वाटत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील वाचकांनी प्रश्न काय होता, तो कुठे विचारला आणि तिथे पुढे काय घडले, हे तपशिलाने लिहावे, ही विनंती.

कराड, अभियांत्रिकीची विद्यार्थिनी

जुन्या लॅपटॉपवर डेबियन ११ (लिनक्सचा एक प्रकार) टाकले, पण वाय-फाय चालेना. वाय-फायच्या चिपला लागणारे फर्मवेअर (चिप चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) मुक्त परवान्याचे नसल्यामुळे तेव्हा ते डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये दिले जात नसे. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते समाविष्ट झाले. मदत शोधताना जुन्या लेखांमध्ये सगळीकडे फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कचा पत्ता दिसत होता. प्रत्यक्षात मे २०२१ मध्ये नियंत्रणाच्या वादातून तिथले बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले, त्यांनी लिबेरा चॅट हे नवे नेटवर्क सुरू केले आणि अनेक प्रकल्प त्यांच्यामागे गेले. डेबियनचे अधिकृत चॅनेल तर त्याच्या कितीतरी आधीपासून ओएफटीसी या निराळ्या नेटवर्कवर आहे. त्यामुळे मार्गदर्शिकेत पहिली सूचना ही द्यावी, की मदतीचा पत्ता प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा.

आयआरसी ही १९८८ पासूनची व्यवस्था आहे आणि आपण जोडलेले नसताना आलेले संदेश तिथे आपोआप जपले जात नाहीत. मी दुपारी प्रश्न विचारला, थोड्याच वेळात वीज गेली, राउटर बंद पडला आणि परत आल्यावर मधल्या वेळेत कोणी उत्तर दिले होते की नाही, हे कळायलाही मार्ग नव्हता. मध्य युरोपातील माणसे संध्याकाळी सात वाजता मोकळी होतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींना ती वेळ सोयीची नसते. अखेरीस मी डेबियनच्या वापरकर्त्यांच्या मेलिंग लिस्टवर सविस्तर लिहिले. सकाळी मेल उघडला तेव्हा एका गृहस्थांनी टर्मिनलमध्ये कोणती आज्ञा द्यायची आणि तिने दाखवलेले चिपचे कोणते ओळखक्रमांक कळवायचे, हे नीट समजावून सांगितले होते. मात्र या लिस्टचे संग्रह सर्वांना खुले असतात आणि त्यांत आपला मेलचा पत्ताही दिसतो, म्हणून या कामासाठी वेगळा पत्ता ठेवणे बरे.

सांगली, भूगोलाचे प्राध्यापक

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर पाणी कुठवर चढले होते, ती ठिकाणे मोबाइलच्या जीपीएसने नोंदवून क्यूजीआयएसमध्ये नकाशा करायचे आमच्या विभागाने ठरवले. नोंदींची फाइल उघडताच आयर्विन पुलाच्या परिसरातले सगळे ठिपके मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर, भर समुद्रात एकावर एक पडलेले दिसले. याविषयी जीआयएस स्टॅक एक्स्चेंज या प्रश्नोत्तर संकेतस्थळावर विचारले. तिथे उत्तराआधी प्रतिप्रश्न आले: क्यूजीआयएसची आवृत्ती कोणती, फाइलचा प्रकार कोणता, लेयरला (नकाशाच्या थराला) कोणती निर्देशांक प्रणाली (ठिकाणे आकड्यांत मांडण्याची पद्धत) दिली आहे, आणि फाइलमधल्या दोन-तीन ओळी जशाच्या तशा दाखवता येतील का. ही माहिती मूळ प्रश्नात भरल्यावर कारण लगेच स्पष्ट झाले. आमच्या नोंदी रेखांश ७४ आणि अक्षांश १६ अशा अंशांत होत्या, पण लेयरला यूटीएम ४३ उत्तर ही मीटरमध्ये मोजणारी प्रणाली दिलेली होती. चौऱ्याहत्तर अंश हे चौऱ्याहत्तर मीटर मानले गेल्यामुळे सांगली समुद्रात गेली होती. फाइल अंशांत मोजणाऱ्या ४३२६ क्रमांकाच्या प्रणालीत उघडून नंतर ३२६४३ मध्ये, म्हणजे यूटीएम ४३ उत्तरमध्ये, रूपांतरित करावी, असे उत्तर मिळाले, आणि त्यासोबत त्यामागचे कारणही.

हा प्रसंग इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे, की त्या पानाचा उपयोग आमच्यापुरता राहिला नाही. पुढच्या तुकड्यांतील विद्यार्थी हाच प्रश्न शोधतात, त्याच पानावर पोचतात आणि कोणालाही न विचारता पुढे जातात. धागाकर्त्यांच्या मताला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मात्र अशा ठिकाणी प्रश्न ‘आधी विचारला गेला आहे’ म्हणून बंद केला जातो तेव्हा नवखे विद्यार्थी फार दुखावतात. बंद केलेल्या प्रश्नाच्या माथ्यावर जुन्या उत्तराचा दुवा असतो आणि पुष्कळदा तेच आपले उत्तर असते, हे त्यांना आधीच सांगून ठेवायला हवे.

मिरज, डीटीपी व्यवसाय

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. लिबरऑफिसमध्ये मराठी मजकुराचा फाँट बदलला तरी अक्षरे तशीच राहत होती. आमच्या भागातील व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारले तर चहा येईपर्यंत उत्तर आले: लिबरऑफिस देवनागरीला जटिल लिपी मानते आणि तिचा फाँट रोमनपेक्षा वेगळ्या रकान्यात ठरवावा लागतो. मराठीतून, नेमके आणि विनासायास मिळालेले हे उत्तर होते. पण हाच प्रश्न त्या ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतो, आणि उत्तर देणारे तेच दोघे-तिघे असल्यामुळे ते थकतात. लिबरऑफिसच्या ‘आस्क’ या प्रश्नोत्तर संकेतस्थळावर असे प्रश्न कायम राहतात. तिथे इंग्रजीत लिहायचा संकोच असेल, तर ग्रुपमध्ये उत्तर मिळाल्यावर एकाने तरी ते तिथे नेऊन नोंदवावे.

वाई, मराठी विकिपीडियाची संपादिका

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर चावडी आणि मदतकेंद्र ही पाने आहेत. त्यांवर मराठीत प्रश्न विचारता येतो आणि प्रश्न, उत्तर, दुरुस्ती हे सारे इतिहासासह टिकते. विकिपीडियामागचे मीडियाविकी हे सॉफ्टवेअर मुक्त आहे आणि त्याच्या मराठी अनुवादाचे काम ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर चालते. तिथे एखादा संदेश संदर्भाशिवाय कळत नसेल, तर अनुवादाच्या चौकटीतूनच प्रश्न विचारण्याची सोय आहे. नवख्या माणसाला जिथे अडले तिथेच विचारता येणे फार मोलाचे असते, असा माझा अनुभव आहे.

मला एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधायचे आहे. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये शिरताच आपला फोन क्रमांक शेकडो अनोळखी माणसांना दिसतो. एका तांत्रिक ग्रुपमध्ये प्रश्न विचारल्यानंतर मला अवेळी खासगी संदेश येऊ लागले आणि ग्रुपच्या चालकांकडे तक्रार करूनही काही झाले नाही. टोपणनावाने वावरता येते का, आचारसंहिता लिहिलेली आहे का, आणि तक्रार कोणाकडे करायची हे स्पष्ट आहे का, हे पाहिल्याशिवाय मी आता कोणत्याही मुलीला कोणतेही माध्यम सुचवत नाही. मार्गदर्शिकेत हा निकष पहिल्या पानावर यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

सातारा, एका मुक्त प्रकल्पातील स्वयंसेवक

उत्तरे देणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. स्लॅक या चॅट-ॲपच्या मोफत योजनेत सप्टेंबर २०२२ पासून केवळ मागच्या ९० दिवसांचे संदेश दिसतात, आणि डिस्कॉर्डवरील चर्चा सर्च इंजिनला सहसा सापडत नाही. म्हणून आमच्या प्रकल्पात आम्ही चॅट हे ओळख व्हावी आणि लहानसहान शंका सुटाव्यात यासाठी ठेवले आहे. ज्या प्रश्नाला चार ओळींहून अधिक उत्तर लागते, तो डिस्कोर्स या प्रकारच्या चर्चामंचावर टाकायला सांगतो. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या प्रकल्पाने २०२२ मध्ये मेलिंग लिस्ट बंद करून डिस्कोर्सचाच मार्ग धरला. उलट लिनक्स कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) काम आजही मेलिंग लिस्टवर चालते आणि तिथे मेल साध्या मजकुरात नसेल, एचटीएमएलमध्ये (रंग-फाँटसह सजवलेला) असेल, तर सर्व्हर तो स्वीकारतच नाही. प्रत्येक समूहाची अशी रीत असते. ती जाणून घेण्यासाठी आधी काही दिवस नुसते वाचावे.

आणखी एक कळकळीची विनंती. एररचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नये. अक्षरे कॉपी करून पाठवली तर आम्ही ती शोधू शकतो आणि पुढे इतरांनाही सापडतात.

विटा, आयटीआयमधील निदेशक

धागाकर्त्यांशी माझा आदरपूर्वक मतभेद आहे. उत्तर टिकावे हे खरे, पण आमच्या मुलांच्या बाबतीत प्रश्न विचारलाच जात नाही, हे मोठे दुखणे आहे. मराठी माध्यमातून आलेला मुलगा इंग्रजी संकेतस्थळावर चारचौघांत लिहायला धजत नाही. त्याला ‘तिथे जाऊन विचार’ असे सांगणे म्हणजे त्याला वाटेला लावण्यासारखेच आहे. म्हणून आम्ही वर्गाचा लहान ग्रुप ठेवला आहे आणि त्यात फक्त ओळखीची मुले-मुली आहेत. तिथे प्रश्न मराठीत, जसा सुचेल तसा येतो. मग शनिवारी प्रयोगशाळेत सगळे मिळून त्याला आकार देतात: काय करायचे होते, काय केले, काय दिसले, आवृत्ती कोणती. इंग्रजी सोपे आणि छोट्या वाक्यांचे ठेवतो. प्रश्न ज्याचा, त्यानेच तो स्वतःच्या खात्यावरून प्रकल्पाच्या संकेतस्थळावर टाकायचा, एवढा नियम मात्र पाळतो. उत्तर आले की तोच मुलगा ते मराठीत लिहून दुव्यासह ग्रुपवर देतो. गेल्या सत्रात एका मुलीने अशाच प्रश्नाखाली दुसऱ्या देशातील नवख्याला परस्पर उत्तर दिले, आणि ते आम्हाला नंतर पान पाहताना कळले.