लाकडी वाटी, आत खुंटी, वर जाहिरात: हे काय असावं?

जुनापेटारा, सांगली
गणपती पेठेतल्या एका जुन्या दुकानाच्या सामानात निघालं. एकाच लाकडात कातलेलं, बाहेरून ४८ मिमी रुंद. खालून वाटीसारखं पोकळ, आतला व्यास ३२ मिमी. मधोमध काठापर्यंत येणारी १० मिमी जाडीची खुंटी. डोक्यावर गोलाकार ठोकलेली अक्षरं, पैकी ‘...वॉटर फॅक्टरी’ एवढंच लागतं. कशासाठी असेल?

मिरजकर
शिक्का वाटतोय. पेढीवरचा.

कातारी
शिक्का नाही हो. शिक्क्यावर अक्षरं उलटी कोरतात, ही सुलटी वाचता येतात. शिवाय ती मुठीच्या बाजूला आहेत.

हे गोटी सोड्याची बाटली फोडायचं लाकूड. हायरम कॉड या इंग्रज माणसाची ही बाटली, पेटंट १८७०च्या दशकातलं. बाटली उलटी धरून भरतात, गोटी तोंडाशी येते आणि आतला गॅस तिला रबरी वायसरवर दाबून धरतो. वाटी तोंडावर बसवायची, तळव्याने एक ठोसा. खुंटी गोटीला खाली ढकलते, वाटी फवारा अडवते. ठोसा मारून लगेच हात उचलला तर गोटी परत वर येते आणि अंगावर सोडा. फुस्स थांबेपर्यंत दाबून धरायचं.

खुंटीचं टोक बघा. चेपून गुळगुळीत झालं असेल तर वापरातलं आहे. तीक्ष्ण कडा आणि एकसारखा काळा रंग असेल तर शंका घ्या, जुनं दिसावं म्हणून रंगवलेलंही असतं.

जुनापेटारा, सांगली
टोक चेपलेलं आहे, एका बाजूला जास्तच. अक्षरं वाचायला पॉलिश पेपर मारू का?

कातारी
अजिबात नको, उरलेलं नावही जाईल. अंधारात टॉर्च अगदी आडवी धरा, खळग्यात सावली पडते. तेवढ्याने नाही लागलं तर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा. पाण्यात भिजवू नका, वाळताना वाटीचा काठ तडकतो. खोबरेल लावू नका, खवट वास धरतं.

मिरजकर
शिक्का मागे घेतो. जुनी बाटली आहे घरी, तिच्यावर बसवून बघायला हरकत नाही ना?

कातारी
रिकामी असेल तर अलगद बसवून मापं जुळवा, ठोसा नको. ओठाला टवका असला तर काच उडते. आणि बाटलीच्या मानेत एका अंगाला दोन खळगे असतात, ओतताना ते खाली ठेवायचे म्हणजे गोटी त्यात अडते. नाहीतर ती घरंगळत तोंडाशी येऊन धार बंद करते.