आराखड्याशिवाय भयकादंबरी: स्टीफन किंगची पद्धत नेमकी चालते कशी?

निशाचर_४२
किंग कथानक आधी ठरवत नाही, रोज २००० शब्द लिहितो, आणि दुसऱ्या खर्ड्यात दहा टक्के छाटतो, असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण अशी कादंबरी मध्येच अडली तर तो काय करतो? छाटायचं म्हणजे नक्की काय? आणि २००० चा आकडा मराठीला जसाच्या तसा लावायचा का? जाणकारांनी सांगावं.

खाडाखोड
'आराखडा नाही' म्हणजे 'काहीच ठरलेलं नाही' असं धरलं की घोळ होतो. किंग कथानक ठरवत नाही, पण सुरुवातीची परिस्थिती 'समजा... तर?' अशी एका वाक्यात पक्की करतो. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातल्या लहानशा गावात रक्तपिपासू शिरले तर? त्यातून १९७५ ची 'सेलम्स लॉट' झाली. (नारायण धारपांची 'लुचाई' ही कादंबरी तिच्यावरच बेतलेली.) 'एक झपाटलेला वाडा आहे' ही नुसती जागा झाली. तिथे कोण अडकलंय आणि त्याला निघता का येत नाही, हे त्या वाक्यात नसेल तर पुढे इंधन संपणारच.

तरी अडतंच. 'द स्टँड' लिहिताना पाचशेवर पानं झाल्यावर तो अडकला, कारण पात्रं फार आणि फाटे त्याहून फार. कित्येक आठवडे लांब फिरायला जाण्यात गेले. शेवटी सुचलं ते हे: कपाटात बॉम्ब ठेवायचा आणि महत्त्वाची काही पात्रं उडवायची. त्यामुळे मध्यात अडलात तर नवं भूत आणू नका, आहेत ती माणसं कमी करा.

तिसरा_प्रहर
छाटणीचं सूत्र मुळात त्याचं नाहीच. १९६६ मध्ये, शाळेत असताना, साभार परत आलेल्या कथेसोबत संपादकाने लिहून पाठवलं होतं: दुसरा खर्डा = पहिला खर्डा वजा १० टक्के. म्हणजे ८०,००० शब्दांचे ७२,०००.

पण त्याआधीचा टप्पा लोक गाळतात. पहिला खर्डा दार लावून, साधारण तीन महिन्यांत, कुणालाही न दाखवता. मग बाड निदान सहा आठवडे ड्रॉवरमध्ये, आणि तोवर दुसरंच काहीतरी लिहायचं. लगेच छाटायला बसलं की स्वतःची वाक्यं पाठ असतात, चूक दिसतच नाही. नंतर मोजक्यांना वाचायला द्यायचं. त्याची पहिली वाचक बायको टॅबिथा. 'कॅरी' या पहिल्या प्रकाशित कादंबरीची त्याने फेकलेली पानं कचऱ्यातून काढली ती तिनेच.

आधी पात्रांचा पूर्वेतिहास छाटा, मग क्रियाविशेषणं. 'अचानक भयानक किंकाळी ऐकू आली' यातला पहिला शब्द काढून बघा, काही बिघडतं का.

ओलं_सरपण
आकड्याबद्दल: नवख्यांना तो रोज १००० शब्द आणि आठवड्यातून एक सुट्टी सुचवतो. शिवाय 'इन द हाऊस' हे तीन शब्द, आपलं 'घरात' एकच. मराठी हजार शब्दांत मजकूर जास्त मावतो, तेव्हा २००० चा हट्ट सोडा.

छाटताना आणखी एक चाळणी लावता येते. 'डान्स मकाब्र' (१९८१) या भयसाहित्यावरच्या पुस्तकात त्याने भीतीच्या तीन पायऱ्या सांगितल्यात. दाराआड काय आहे हे न कळणं ही दहशत, सर्वांत वरची. दार उघडून दिसलं की भय. तेही जमलं नाही तर किळस, आणि तिचा आधार घ्यायला तो लाजत नाही. प्रत्येक प्रकरण किळसेवरच संपत असेल, तर दार फार लवकर उघडलं जातंय.

निशाचर_४२
आभार. म्हणजे आराखडा अजिबातच नको?

खाडाखोड
तसंही नाही. 'इन्सोम्निया' आणि 'रोझ मॅडर' या आखून लिहिलेल्या कादंबऱ्या त्याला स्वतःलाच ताठर वाटतात, पण 'द डेड झोन'ही आखूनच लिहिलेली, आणि ती त्याला आवडते. तुमचं 'समजा' एका वाक्यात इथे टाका, मग बोलू.