मदत हवी आहे: नर्मदेतल्या गोट्याचं घनफळ

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. लेकीला शाळेतून घरातल्या वस्तूंचं घनफळ मोजून आणायचंय (तिच्या गुजराती पुस्तकात त्याला 'कद' म्हणतात). कंपासपेटी पट्टीने मोजून झाली, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. सुपारी औषधाच्या मापाच्या कपात बुडवली, पाणी 5 मिलि चढलं, म्हणजे 5 घन सेंमी. इथवर ठीक.

घोडं अडलंय ते चांदोदहून आणलेल्या गोट्यावर. तो मापात मावत नाही. म्हणून पातेलं काठोकाठ भरून परातीत ठेवलं, गोटा सोडला आणि सांडलेलं पाणी मोजलं. तीनदा केलं: 310, 285, 330 मिलि! थोडं पाणी पातेल्याच्या बाहेरच चिकटून राहतं, तेही असेल.

दीर म्हणतात, पाण्याचं भांडं वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य करा, गोटा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंमी. हे बरोबर आहे का? दोरा तर मी हातातच धरणार, मग काटा काही दाखवेलच कसा?

आणि बाटलीचं बूच तरंगतं, खडीसाखर विरघळते. त्यांचं काय करायचं? साखरेला तेल चालेल का? सोमवारी वही द्यायचीय.